दादरचे फुटवे

वैशाखात आमच्या गावात दोनच गोष्टी हिरव्या राहतात. एक पाटलांची केळी आणि दुसरी ग्रामपंचायतीची भिंत. बाकी सगळं रान सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत वाळून पडलेलं असतं. औंदा तर पाऊस मध्येच तोंड फिरवून गेला, दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, गुडघ्याएवढी होऊन राहिली, आणि कडबा होळीपर्यंतसुद्धा पुरला नाही. माणसांचं रेशनवर कसंबसं भागतं. गुरांना रेशनकार्ड नसतं.

रतिलाल नानांचं घर गावाच्या वरच्या टोकाला आहे. नानांनी उमेदीची सगळी वर्षं पाटलांकडे सालदारकी केली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल बांधायचं, पुढच्या आखाजीला सोडायचं आणि त्याच दिवशी पुन्हा बांधायचं. मग पाटलांनी ट्रॅक्टर घेतला, बैल बाजारात गेले आणि बैलांमागून नाना घरी आले. पण हात घरी बसले नाहीत. कोणाची म्हैस अडली, कोणाचा बैल फुगला, की रात्री-अपरात्री हाक यायची, ‘नाना, चला.’ नाना लगेच उठायचे. डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचा आणि म्हणायचा, बरं झालं, आधीच सोडवलं. नाना मिशीतल्या मिशीत हसायचे. एवढी एकच चैन त्यांनी आयुष्यात केली.

घरात मुलगा भाईदास केळी कापणाऱ्या टोळीत होता. सून हेमलता केळीच्याच बागेत रोजाने जायची. आणि नात रुपली, सहा वर्षांची, औंदा पहिलीत जायची होती. अंगणवाडी सुटलेली, शाळा उघडायची बाकी, त्यामुळे ती दिवसभर नानांच्या मागे. नानांनी तिला शिकवलं ते एवढंच. जनावराच्या डाव्या कुशीवर, मांडीच्या पुढे, हात ठेवायचा. हात आत गेला तर पोट रिकामं. हात वर राहिला तर भरलेलं.

“मुकं जित्राब भूक लागनी असं सांगत नही बेटा,” नाना म्हणायचे. “ते आपलेच वयखनं पडस.”

रुपलीला हे इतकं आवडलं की तिने माणसंही सोडली नाहीत. भाईदास संध्याकाळी केळीच्या चिकाने काळा झालेला सदरा काढून ओसरीवर टेकला, की ही जाऊन त्याच्या कुशीवर हात ठेवायची. “आप्पा, तुन्ही कूस तं बठ्ठी आत गयी. माय, याले आधी वाढ.” भाईदास दमलेला असायचा, तरी हसायचा. डोंगरातून केळीच्या कामाला आलेल्या पुन्या पावऱ्याची पोर बांधावर बसलेली असायची. तिच्या पोटावरही हात ठेवून झाला. आपल्या फडक्यातली अर्धी भाकर तिला देऊन झाली. वर तिचे पाय तापतात म्हणून स्वतःची चप्पल काढून दिली आणि घरी अनवाणी आली.

हेमलताने तिला दोन धपाटे घातले. मग सासऱ्याकडे वळली.

“नाना, तुम्हीच लाडाई ठेवं तिले. घरमा पीठ नही आनि हाई दानशूर कर्णनी पोर! आज चप्पल दिनी, उद्या घर दी टाकी.”

“दी टाकू दे,” नाना म्हणाले. “घर देवानी अक्कल येस तोपर्यंत मोठी व्हई जाई.”

हेमलता फणकारली. पण संध्याकाळी तिनेच पावऱ्याच्या पोरीकडे आपल्या जुन्या चपलांचा जोड पाठवला, तो तिला मोठा होत होता तरी. तिची जीभ तिखट होती, हात तसे नव्हते.

शेजारी भागाबाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही. तिची सगळी दौलत म्हणजे तांबी नावाची गाय आणि तिची दोन महिन्यांची वासरी. तांबी जन्मली तेव्हा तिचे मागचे पाय आधी बाहेर आले होते आणि नानांनीच तिला ओढून काढली होती. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालून भागाबाई आपलं मीठमिरची भागवायची. औंदा तांबीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या.

“कडबा सरी गया नाना,” भागाबाई कुंपणापलीकडून म्हणायची. “आते भुसावरच भागाडस. तिले चावाय तरी काय, मन्हं तोंड?”

रुपली रोज तांबीच्या कुशीवर हात ठेवून यायची. हात खोल जायचा. ती परत येऊन नानांना सांगायची. पण नानांकडे तरी द्यायला काय होतं? त्यांची एकुलती एक बकरीही बाभळीच्या शेंगांवर जगत होती.

त्या दिवशी हेमलता रुपलीला बागेत घेऊन गेली, कारण नानांना उन्हाचा तरास होत होता. ओल्या फडक्याने डोकं बांधून ते ओसरीवर पडले होते. हेमलताचं काम केळीची वाळलेली पानं कापायचं. उकाडा असा की बागेत शिरल्यावरही श्वास कोंडायचा. घाम डोळ्यांत जायचा आणि हात चिकाने चिकट, म्हणजे डोळा पुसायचीही सोय नाही. वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झाला. पोर कुठे आहे हे ती अधूनमधून हाक मारून बघत होती. लांबून ‘ओ’ येत होता, म्हणजे ठीक.

पोर बागेच्या शेवटी होती. तिथे पाटलांनी दादर काढून घेतलेला एक तुकडा पडलेला होता. धसकटं तशीच उभी. बागेच्या ठिबकची एक नळी त्या अंगाला फुटली होती, आणि थेंब थेंब पाणी मुरून त्या धसकटांना फुटवे आले होते. वीतभर, कोवळे, हिरवेगार. सगळ्या शिवारात एवढं एकच हिरवं. रुपली तिथे उभी राहिली तेव्हा तिला काय वाटलं असेल ते सांगायला नको. तिने आईचा जादा विळा आणला, जमेल तसं कापलं, उन्हासाठी डोक्याला घेतलेल्या ओढणीत बांधलं आणि डोक्यावर घेतलं.

दुपारची सुट्टी झाली तेव्हा हेमलताने ती पेंढी पाहिली. पाहिली म्हणजे डोळ्यांसमोरून गेली. गवत असेल, बांधावरचं. तिच्या स्वतःच्या डोक्यावर सरपणाचा भारा होता आणि पायाखाली फुफाटा जळत होता. दोघी मायलेकी न बोलता घरी आल्या.

भागाबाई ताक घेऊन खालच्या आळीला गेली होती. तांबी निंबाखाली उभी होती. रुपलीने पेंढी तिच्यापुढच्या गव्हाणीत सोडली. त्या गायीने कित्येक दिवसांत हिरवं पाहिलं नव्हतं. मान वर न करता, श्वासही न घेता ती खात सुटली. रुपली तिच्या गळ्याखालून हात फिरवत उभी राहिली. मग तिने कुशीवर हात ठेवला, आणि धावतच घरी आली.

“नाना! तांबीनी कूस भरी गयी! हात आत जातच नही!”

नानांचे डोळे मिटलेले होते. ऊन डोक्यात चढलेलं. “बेस करं बेटा,” ते म्हणाले.

“हिरवं हिरवं दिनं.”

“बेस करं,” नाना पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जनावरांतल्या माणसाचं सगळं शहाणपण त्या वेळी त्या ओल्या फडक्याखाली झोपलं होतं.

थोड्या वेळाने भागाबाईची किंकाळी आली.

“नाना! ओ नाना! दखा ना, तांबीले काय व्हयनं!”

नाना अनवाणीच धावले. तांबी पडली होती. तोंडातून फेस येत होता, पाय ताणले जात होते, आणि धाप अशी की अख्खं अंग हलत होतं. पोट ढोलासारखं वर आलेलं. नानांनी तिच्या ओठाची कातडी उलटून पाहिली. हिरड्या लालभडक. मग त्यांची नजर गव्हाणीकडे गेली. तळाशी दोन-तीन फुटवे उरलेले होते. नानांनी एक उचलला, मोडला, वास घेतला. त्यांना कोणी काही सांगायची गरज नव्हती.

“गुय आन! पानीमा कालव, बेगी!”

भागाबाईने घरातला होता नव्हता तेवढा गूळ कालवून आणला. नाना गायीचं तोंड मांडीवर घेऊन तो नळीने पाजू लागले. शेजारचा कोणी डॉक्टरला फोन लावत होता. डॉक्टर दुसऱ्या गावी लसीकरणाला गेला होता, निघतो म्हणाला. पण कोवळी दादर उपाशी पोटावर गेली की ती डॉक्टरची वाट बघत नाही. तांबीने एकदा मान वर उचलली, नानांच्या मांडीवर टाकली, आणि तिची धाप थांबली. वासरी खुंट्याला बांधलेली होती, ती हंबरत राहिली.

भागाबाई रडली नाही. ती गव्हाणीजवळ गेली आणि उरलेला एक फुटवा हातात घेऊन उभी राहिली. तोवर निंबाखाली माणसं जमली होती.

“हाई कोन चारं?” तिने विचारलं.

कुंपणाच्या फटीत रुपली उभी होती. तिच्या फ्रॉकवर पुढे सगळे हिरवे डाग होते. तिने तोंड उघडलंच होतं.

“मी,” नाना म्हणाले.

माणसं त्यांच्याकडे वळली.

“मी चारं,” नाना पुन्हा म्हणाले, गायीचं डोकं अजून मांडीवरच होतं. “बागना शेवटले हिरवं दिखनं. कापी आनं. ध्यानमा नही ऱ्हायनं.”

हेमलता मागून आली होती. तिने पोरीचा फ्रॉक पाहिला, गव्हाण पाहिली आणि दुपारची डोक्यावरची पेंढी तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने पुढे होऊन पोरीला पदराखाली घेतलं आणि हिरवे डाग झाकले.

“तुम्ही, नाना?” भागाबाई म्हणाली. “दुसरा कोनी ऱ्हाता तं मी समजी लेती. तुम्ही?”

नानांनी मान खाली घातली. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हाताराले आते दिखत नही.” दुसरा म्हणाला, “दिखत नही तं घर बसावं ना. लोकंना जित्राबंमा कसाले हात घालस?” आमच्या गावात एखाद्याने चाळीस म्हशी सोडवल्या तर त्याचं नाव एकदा घेतात, आणि एक गाय मारली तर रोज घेतात.

संध्याकाळी पाटलांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून तांबीला नाल्याकडे नेलं. मातीवर एक रुंद ओरखडा उमटला. रुपली दारात उभी राहून तो बघत होती.

“नाना,” ती म्हणाली, “मी बी दिनं व्हतं ना?”

नाना पायरीवर बसले होते. त्यांनी तिला जवळ ओढलं.

“तू दिनं ते चांगलं व्हतं. बांधवरनं गवत. ते तिले गोड लागनं. मी मांगेथीन दुसरं दिनं, ते बाधनं.”

“तू कव्हय दिनं? तू तं पडेल व्हता.”

“तू पानी पेवाले गयी ना, तव्हय.”

रुपलीने विचार केला. सहा वर्षांच्या पोरीच्या विचाराला वेळ लागतो, पण ती तो पुरा करते. “मन्हं बी तसंच हिरवं व्हतं,” ती म्हणाली.

“दिखाले सारखंच दिखस. तेच तं वाईट शे.” नानांनी जमिनीवर बोटाने धसकट काढून दाखवलं. “दादरना धसकटले असा हिरवा फुटवा येस ना, त्यामा जहर ऱ्हास. लहान शे तोपर्यंत गुरले देवानं नही. कव्हयच नही. काय सांगं मी?”

“दादरना फुटवा देवाना नही.”

“शाबास.”

ती त्यांच्या मांडीवरून उठली आणि थोडी लांब जाऊन बसली. नानांना तेव्हा काही वाटलं नाही. त्यांना वाटलं, निभावलं.

भाईदास घरी आला तो गावातून सगळं ऐकूनच. टोपी खुंटीला न लावता त्याने जमिनीवर आपटली. रुपली भांडी विसळायला मोरीवर बसली होती. तिघं आत बोलत होते, आवाज दाबून.

“नाना, तुम्ही काबर अंगवर ल्हिनं?” भाईदास म्हणाला. “वडनी साल पिंपयले लाई दिनी! पोर शे ती, पोरले कोन काय म्हनतं? बठ्ठा गाव तुमले हासी राह्यना. बसस्टँडवर माले तोंड दाखाडानी सोय नही.”

“हासू दे.”

“आनि तिले सांगनं पडी,” हेमलता म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. “आज नही सांगं तं उद्या दुसरानी गाय मारी टाकी.”

“फुटवानं सांगी दिनं मी. ती जल्मभर इसराव नही.” नाना थांबले. “पन गाय तिन्हा हातथीन मरनी, हाई तिले कोनी सांगू नका. मी पाया पडस तुमना. सहा वरीसनी पोर शे. एकदाव तिन्हा हात घाबरी गया ना, तं मंग तो कोनाच पुढे जावाव नही. मन्हा हात म्हातारा शे. त्याले आते काय व्हनार शे?”

भाईदासने आपटलेली टोपी उचलून खुंटीला लावली. हेमलता भिंतीला टेकून खाली बसली. “मी दखं व्हतं नाना,” ती म्हणाली. “पेंढी तिन्हा डोकावर व्हती. मन्हा डोया समोर. मी दखंच नही.”

सकाळी भाईदासने आपली बकरी सोडली आणि भागाबाईच्या दारात नेऊन बांधली. वासरीला दूध हवं होतं. हे नानांनीच सुचवलं होतं. भागाबाईने बकरीकडे पाहिलं, वासरीकडे पाहिलं. नाही म्हणायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

“बकरी ठेवस मी,” ती म्हणाली. “पन तुन्हा बापले सांग, मन्हा आंगनमा पाय ठेवू नका.”

बकरीचं दूध गेलं, तसा आमच्या घरांमधून पितात तो कोरा चहा नानांच्या घरातही सुरू झाला. रुपलीने दुधाबद्दल तक्रार केली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ती वाटी घेऊन भागाबाईकडे जायची आणि वासरीला पाजायची. नाना कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभे राहायचे आणि तिथून सांगायचे. मान वर धरू नको, दूध नाकात जाईल. आधी बोट चाटव. भागाबाई ऐकायची, पण तिकडे बघायची नाही.

खालच्या आळीतल्या सत्तारभाईची म्हैस अडली ती याच दिवसांत. भर दुपारी त्याच्या बायकोचा, सलीमाभाभीचा, ओरडा वरपर्यंत आला. नानांनी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, नखं पाहिली, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पायरीवर येऊन बसले. हात मळू नयेत म्हणून मांडीवर उताणे धरले होते. सत्तारभाईची म्हैस मागच्या दोन्ही वेळेला नानांनीच सोडवलेली. समोरून मोटारसायकल गेली. सत्तारभाई चालवत होता आणि मागे डॉक्टर पेटी धरून बसलेला. सत्तारभाई सभ्य माणूस. त्याने गाडी हळू केली.

“नाना, डॉक्टरलाच आणलं,” तो म्हणाला. “तुम्हाला उन्हात तरास कशाला, म्हटलं.”

“बेस करं,” नाना म्हणाले.

गाडी गेली. नाना तसेच बसून राहिले. हात वाळले, साबणाने कातडी ताणली, तरी ते मांडीवरच होते. हेमलताने दारातून पाहिलं आणि ती आत गेली. चुलीपुढे बसून ती कितीतरी वेळ धुराचं निमित्त करून डोळे पुसत होती.

भाईदासचं टोळीत वेगळं चाललं होतं. घड खांद्यावर टाकताना कोणी तरी म्हणायचं, “भाईदास, तुन्हा बापले आमना गोठाकडे धाडू नको भाऊ.” बाकीचे हसायचे. मस्करीच ती, पण खांद्यावर घड असताना मस्करी जड होते. भाईदास खरं सांगून टाकावं म्हणून कितीदा तोंड उघडायचा. मग पोरीचं नाव जिभेवर यायचं आणि तो गिळून टाकायचा. घरी आला की नानांशी बोलायचा नाही, पण त्यांच्या ताटात भाकर आधी पडली की नाही ते बघायचा.

आणि रुपली? ती नानांजवळ बसायची, गोष्ट ऐकायची, पण त्यांनी कोंबड्यांना दाणे टाकायला मूठ उघडली की मध्ये यायची. “थांब नाना, मी टाकस.” त्यांच्या मुठीतून दाणे काढून घ्यायची, उन्हात धरून बघायची आणि मग टाकायची. पहिल्यांदा नानांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा कळलं. ज्या पोरीचा हात वाचवायला त्यांनी हे सगळं केलं, त्या पोरीचा त्यांच्या हातावरचा भरवसा उडाला होता. हे त्यांनी धरलंच नव्हतं. माणूस गावाची थुंकी झेलायला तयार होतो, पण स्वतःच्या नातीची नजर त्याला झेलता येत नाही. नाना आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

जेठ लागायच्या सुमाराला वासरीने दूध सोडलं. ऊन लागलं असेल किंवा आईवाचून झुरत असेल. रुपलीने सकाळी वाटी धरली तर तिने तोंड फिरवलं. बोट चाटवलं तर चाटेना. भागाबाईने जबडा उघडून ओतून पाहिलं, दूध बाजूने सांडलं. वासरीच्या कुशीत रुपलीचा हात मनगटापर्यंत जात होता.

नाना कुंपणाबाहेर उभे होते. त्यांचे हात आपोआप पुढे येत होते आणि ते मागे घेत होते.

“भागामाय,” रुपली म्हणाली, “नानाले येऊ दे ना. त्याले येस पाजता.”

“नको.”

“त्याले म्हाइत नव्हतं ना.” रुपली वाटी तशीच धरून म्हणाली. “म्हाइत नसनं तं मंग कोनाले रागे भरानं नही. त्यानं काय मुद्दाम दिनं? तांबी उपाशी व्हती म्हनीसन दिनं ना त्यानं?”

“म्हाइत नव्हतं?” भागाबाई उसळली. इतक्या दिवसांचं सगळं तिच्या तोंडी आलं. “पोरी, तुले काय समजस! ज्या मानूसनी मन्ही तांबी पोटमाईन काढी, जो गवतना वासवरथीन सांगस कोना बांधवरनं शे, त्याले दादरना फुटवा म्हाइत नव्हता? बैलंना पायमा जल्म गया त्याना! तो डोया मिटीसन सांगी देता की हाई—”

बोलता बोलता ती थांबली.

तिने नानांकडे पाहिलं. मग खाली बसलेल्या पोरीकडे पाहिलं. रुपलीच्या अंगात तोच फ्रॉक होता. हेमलताने घासून घासून धुतलेला, पण पुढचे डाग गेलेले नव्हते. कोवळ्या पाल्याचा डाग कपड्यावरून जात नाही, हे गावात कोणाला माहीत नाही? भागाबाईचे ओठ हलले. “पोरी, त्या दिन तू—”

पोरीच्या पाठीमागे, कुंपणापलीकडे, रतिलाल नानांनी दोन्ही हात जोडले. फक्त मान हलवली, नको म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत.

भागाबाई उभी होती तिथेच खाली बसली. आजवर तिला नानांचा राग होता, त्या रागावर ती उठत होती, झाडत होती, बकरीचं दूध काढत होती. आता राग धरायलाही कोणी उरलं नाही. समोर एक सहा वर्षांची पोर होती, जिने तिच्या उपाशी गायीला पोटभर खाऊ घातलं होतं.

“खरं शे तुन्हं,” ती रुपलीला म्हणाली. “ध्यानमा नही ऱ्हायनं व्हई म्हाताराना.” मग पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, “या नाना. आत या.”

आणि ती रडली. गाय गेली त्या दिवशी रडली नव्हती, ती आता रडली, गुडघ्यांत डोकं घालून, मोठमोठ्याने. रुपली घाबरली. तिने वाटी खाली ठेवली आणि भागाबाईच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

“रडू नको भागामाय,” ती म्हणाली. “आते नाना काहीच देवाव नही तसं. मी ध्यान ठेवस ना त्यानावर.”

नाना आत आले. वासरीजवळ बसले. तिची मान मांडीवर घेतली, तिच्या घशावरून अंगठा फिरवला आणि वाटीत दोन बोटं बुडवायला हात पुढे केला.

“थांब,” रुपली म्हणाली.

ती उठून त्यांच्यापुढे आली. “हात दखाड.”

नानांनी दोन्ही तळवे तिच्यासमोर उघडले. तिने ते धरले. सरळ बाजूने पाहिले, उलट्या बाजूने पाहिले. बोटांच्या फटी उघडून पाहिल्या. मग नाक लावून वास घेतला, नानांनीच तिला शिकवला होता तसा. भागाबाईने पदरातून डोकं वर काढलं आणि लगेच दुसरीकडे फिरवलं. नाना हात पसरून बसून राहिले.

“आते दे,” रुपली म्हणाली.